लाटेचं टाइमटेबल

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडले की एडिटर हॉस्टेलच्या पायऱ्यांवर उभी राहते आणि जो दिसेल त्याला पकडते. या वर्षी मी सापडले. मी तिला सांगून पाहिलं, "अगं, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. आमच्या शाळेत मराठीत बोललं की दंड असायचा. पाढेसुद्धा मला इंग्लिशमध्येच येतात. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नकोस." ती म्हणाली, "मग दंड भरल्यासारखं लिही." तर हा तो दंड. चुका पदरात घ्या.

विषय मात्र मी माझा निवडलाय. गेले आठ महिने आम्ही चौघं एका ट्रिपचं प्लॅनिंग करतोय. ट्रिप कुठली? तर लिटल अंदमान बेटावर सर्फिंगला! हसून घ्या. आमच्या वर्गानेही पोटभर हसून घेतलं. "लोणावळ्याला जायचं ठरलं तरी तुमच्यातले दोघं आयत्या वेळी गळतात, आणि म्हणे अंदमान!" पण या प्लॅनिंगमध्ये मी जेवढं शिकले तेवढं फ्लुइड मेकॅनिक्सच्या दोन पेपरांत मिळून शिकले नसेन, आणि ते तुमच्याही उपयोगाचं आहे. तुम्ही सर्फिंग करा वा नका करू, समुद्रावर पिकनिकला तर जाताच ना?

आमची टीम अशी : मी सिव्हिलची, माझी रूममेट कॉम्प्युटरची, एक मेकॅनिकलवाला आणि एक ईअँडटीसीवाला. नावं छापायची नाहीत अशी सर्वांची सक्त ताकीद आहे, कारण दोघांच्या घरी अजून काहीच माहीत नाही.

खूळ कसं शिरलं?

सेकंड इयरला आम्ही कोकणात एका बीचवर गेलो होतो. ऊन छान, वारा जवळजवळ नाही. दोन बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधे वीसेक फुटांचा एक पट्टा अगदी शांत दिसत होता. रूममेटला पोहता येत नाही, म्हणून ती शहाण्यासारखी त्या शांत पट्ट्यात जाऊन उभी राहिली. गुडघाभर पाणी होतं, मग कमरेएवढं झालं. मग आम्हाला फक्त तिचं डोकं दिसायला लागलं, आणि तेही दर सेकंदाला लहान होत चाललेलं.

होडीजवळ जाळं विणत बसलेल्या दोन कोळी काकांनी तिला ट्यूब घेऊन आणलं. सगळा प्रकार सहा-सात मिनिटांचा. आम्ही तिघं किनाऱ्यावर नुसते ओरडत होतो. नंतर त्यातले एक काका मला म्हणाले, "पोरी, जिथं लाट फुटत नाही तिथं पाणी शांत नसतं. ते परत चाललेलं असतं."

या एका वाक्याचं गणित मला तेव्हा येत नव्हतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूत जिथे खोलगट भाग असतो तिथून ते एकवटून बाहेर पडतं. तिथे खोली जास्त, म्हणून लाट फुटत नाही आणि पाणी शांत दिसतं. याला रिप करंट म्हणतात. जोरात असला तर त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो, म्हणजे ऑलिंपिकमधला पोहणारासुद्धा त्याच्या विरुद्ध पोहून जिंकणार नाही. पण हा पट्टा अरुंद असतो आणि तो माणसाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. म्हणून त्याच्याशी भांडायचं नाही. आधी तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर पडायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत यायचं. माणसं बुडतात ती बहुतेक दमून, सरळ किनाऱ्याकडे पोहायच्या हट्टापायी.

त्या दिवसानंतर रूममेट चार महिने समुद्राचं नाव काढत नव्हती. आणि मी उलटी! मला समुद्र वाचायचाच होता. सर्फिंग करणारे लोक समुद्र सर्वांत बारकाईने वाचतात हे कळलं आणि खूळ डोक्यात शिरलं.

लिटल अंदमानच का?

अंदमान म्हटलं की मराठी घरात एकच आठवण निघते : सेल्युलर जेल, सावरकर आणि काळं पाणी. माझ्या आजीची पहिली प्रतिक्रिया हीच होती, "तिथे लोकांना पाठवायचे गं, कोणी आपणहून जात नव्हतं!" पण पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजय पुरम) दक्षिणेला साधारण १२० किलोमीटरवर लिटल अंदमान आहे. अंदमान समूहातलं हे सर्वांत दक्षिणेचं बेट. क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस किलोमीटर, वस्ती २०११ च्या जनगणनेत साधारण १८ हजार. त्याच्या खाली टेन डिग्री चॅनल आणि मग निकोबार बेटं.

बेटाच्या दक्षिणेला थेट अंटार्क्टिकाच्या दिशेने हिंदी महासागर मोकळा पसरलेला आहे. म्हणून तिथे लाट येते. १९९० च्या दशकात परदेशी सर्फर याटमधून तिथे पोचले आणि नैर्ऋत्येकडच्या कुमारी पॉइंटच्या लाटेचं नाव सर्फिंगच्या जगात झालं. पूर्व किनाऱ्यावर, हट बे या बंदरापासून उत्तरेला साधारण १४ किलोमीटरवर बटलर बे आहे. लांबलचक वाळूचा किनारा. आमचं लक्ष्य तेच.

लाट निघते कुठून, पोचते कधी?

इथे माझी ब्रँच कामाला आली. बटलर बेला आज आलेली मोठी लाट तिथल्या वाऱ्याने झालेली नसते. ती निघते दक्षिण गोलार्धात ४० ते ५० अंश अक्षांशांच्या आसपास, जिथे वर्षभर वादळं फिरत असतात. वादळ तिथेच राहतं, लाटा मात्र प्रवासाला निघतात. अशा दूरवरून आलेल्या, शिस्तीत रांग लावून चालणाऱ्या लाटांना स्वेल म्हणतात.

खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या पिरियडवर अवलंबून असतो. पिरियड म्हणजे एक शिखर गेल्यावर दुसरं येईपर्यंतचे सेकंद. वेगाचा फॉर्म्युला सोपा आहे : पिरियडला १.५६ ने गुणा, मीटर पर सेकंदमध्ये उत्तर. १६ सेकंदांची लाट असेल तर २५ मीटर पर सेकंद, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. पण गंमत अशी की लाटांचा समूह याच्या निम्म्या वेगाने सरकतो. पुढची लाट विरत जाते, मागे नवी उभी राहते. म्हणून ऊर्जा आपल्यापर्यंत येते ताशी ४५ किलोमीटरने.

आता हिशोब करा. ५० अंश दक्षिणेपासून लिटल अंदमानच्या साडेदहा अंश उत्तरेपर्यंत अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. भागिले ४५. उत्तर येतं १४९ तास, म्हणजे सहा दिवसांहून थोडं जास्त! त्याच वादळातून निघालेल्या १० सेकंदांच्या लाटांना दहा दिवस लागतात. म्हणजे लांब पिरियडच्या लाटा आधी पोचतात, छोट्या मागून. आपल्याकडे लग्नाला मुंबईची पाहुणेमंडळी आधी आणि गावातलीच उशिरा येतात, तसं!

हे पहिल्यांदा वहीत सोडवलं तेव्हा मला खरंच काटा आला. म्हणजे आपण सोमवारी कँटीनमध्ये वडापाव खात असताना जी लाट दक्षिणेला जन्मली, ती पुढच्या सोमवारच्या आधी बटलर बेला फुटणार. तिचं टाइमटेबल ठरलेलं आहे. आणि युनिव्हर्सिटीसारखं ते आयत्या वेळी बदलत नाही.

ही माहिती आपल्याला फुकट मिळते. हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था भारताच्या किनाऱ्यांसाठी लाटेची उंची, पिरियड आणि दिशा यांचा अंदाज देते, धोक्याचे इशारेही देते. आमच्या शीटमध्ये रोजची नोंद आहे. उंचीच्या आकड्याला भुलायचं नाही, पिरियड बघायचा, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकलो. एक मीटर उंचीची १६ सेकंदांची लाट ही एक मीटर उंचीच्या ६ सेकंदांच्या लाटेपेक्षा फार वेगळं प्रकरण आहे.

आणि हे नुसतं हौसेचं ज्ञान नाही. केरळच्या किनाऱ्यावर अशा दूरच्या स्वेलमुळे, वारा-वादळ काही नसताना, पाणी घरांत शिरतं. तिथे त्याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. ६ मे २०२४ ला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका बीचवर पाच मेडिकलचे विद्यार्थी बुडाले. त्या दिवसांत या स्वेलचा इशारा दिलेला होता. ती मुलं आपल्याच वयाची, आपल्यापेक्षा हुशार असतील. आकाश निरभ्र दिसलं म्हणून समुद्रही निरभ्र असेल असं त्यांना वाटलं असेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

कधी जायचं? (इथे सगळं फिसकटलं)

आमचा पहिला प्लॅन जूनचा होता. परीक्षा संपली की निघायचं. ईअँडटीसीवाल्याने तर शीटला नाव दिलं होतं 'मिशन जून'.

मग वाऱ्याचा अभ्यास केला. सर्फिंगला लाट हवी आणि वारा नको, किंवा असला तर जमिनीवरून समुद्राकडे हलका हवा. समुद्राकडून येणारा वारा लाटेचं शिखर आधीच मोडतो आणि सगळं खळबळीत होतं. दक्षिणेकडची वादळं एप्रिल ते ऑक्टोबर जोरात असतात, तेव्हा स्वेल मोठं. पण अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यातच दाखल होतो. म्हणजे जूनमध्ये लाट भरपूर, पण सोबत जोराचा वारा, पाऊस आणि रद्द होणाऱ्या बोटी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ. जाणकार सर्फर जातात ते मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. स्वेल वाढायला लागलेलं असतं आणि वारा अजून पडलेला असतो.

आणि नेमक्या त्या दोन महिन्यांत आपल्याकडे काय असतं? सबमिशन, ओरल, प्रॅक्टिकल आणि एंड सेम! 'मिशन जून' त्या रात्री डिलीट झालं. दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी रूममेटने, जिला पोहता येत नव्हतं तिने, साधा प्रश्न विचारला. "आपल्याला केवढी लाट पाहिजे?"

आम्ही तिघं गप्प. कोणी हा विचारच केला नव्हता. आम्ही अनुभवी सर्फरांचा सीझन शोधत होतो आणि आमच्यापैकी एकही जण बोर्डवर धड उभा राहिलेला नव्हता! आम्हाला पाहिजे ती लाट गुडघा ते कमरेएवढी, वाळूवर फुटणारी. ती मिळते दक्षिणेचं स्वेल लहान असताना. ईशान्य मोसमी वारा जानेवारीच्या सुमारास हळूहळू ओसरू लागतो, पाऊस कमी असतो, आणि आपली सुट्टीही त्याच सुमारास पडते. म्हणजे उत्तर पहिल्यापासून समोर होतं, प्रश्न चुकीचा होता. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर आम्ही लोड न काढताच बीम डिझाइन करत होतो.

कसं पोचायचं?

दोन रस्ते आहेत. एक, विमानाने चेन्नई किंवा कोलकात्याहून पोर्ट ब्लेअर. चेन्नईहून दोन-सव्वादोन तास. दोन, चेन्नईहून सरकारी जहाज. सुमारे १,२०० किलोमीटर, साधारण तीन दिवस. जहाजात बंक क्लास असतो, स्वस्त पडतो आणि सामानाची कटकट कमी. पण जहाजं रोज नसतात. तारखा जाहीर झाल्या की मगच बाकीचा प्लॅन.

पुढे पोर्ट ब्लेअर ते हट बे फेरीबोट. बोटीप्रमाणे सहा ते आठ तास. समुद्र खवळला तर बोट जात नाही, आणि तिकीट आधी बेटावरच्या लोकांना लागतं हे लक्षात ठेवायचं. त्यांना दवाखान्यात, कोर्टात, परीक्षेला जायचं असतं. आपण फिरायला चाललेलो असतो. म्हणून पोर्ट ब्लेअरला एक-दोन दिवस हातात ठेवायचे.

भारतीय नागरिकाला अंदमानात जायला वेगळा परवाना लागत नाही, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. मात्र आदिवासी राखीव क्षेत्रात जायला मनाई आहे. त्याबद्दल पुढे.

घड्याळाची एक मजा सांगते. अंदमान ९२-९३ अंश रेखांशावर, पण वेळ आपलीच. म्हणून तिथे जानेवारीतसुद्धा साडेपाच वाजायच्या आसपास उजाडायला लागतं आणि साडेपाचलाच सूर्य मावळतो. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणजे सर्फिंग पहाटे. आठच्या लेक्चरला न उठणारा मेकॅनिकलवाला पाचला कसा उठणार हा स्वतंत्र रिसर्चचा विषय आहे.

भरती, तळ आणि बोर्ड

लाट किनाऱ्याकडे येते तशी तिला तळ जाणवायला लागतो. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपासून हे सुरू होतं. १६ सेकंदांच्या लाटेची लांबी ४०० मीटर, म्हणजे २०० मीटर खोलीवरच तिचे पाय जमिनीला टेकतात! वेग कमी होतो, उंची वाढते. दोन मीटर पाण्यात तिचा वेग ताशी १६ किलोमीटरवर येतो. आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. एक मीटरची लाट सव्वा ते दीड मीटर पाण्यात फुटेल. हेच गणित प्रवाळाच्या खडकावर धोक्याचं, कारण पडलात तर खाली वाळू नाही, करवत आहे. म्हणून नवशिक्यांनी रीफवर जायचंच नाही. आमच्या शीटमध्ये ही ओळ लाल रंगात आहे.

भरती-ओहोटीचा फरक तिथे उधाणाच्या वेळी साधारण दोन मीटर असतो, म्हणजे सहा तासांत तीच जागा सुरक्षितची धोकादायक होऊ शकते. इथे मला एक खजिना सापडला. त्या कोळी काकांना आम्ही नंतर भेटायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी तोंडी हिशोब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो, आणि पाऊण म्हणजे ४५ मिनिटं. तोंडी हिशोबाला अगदी पुरेसं! कॅल्क्युलेटर नाही, इंटरनेट नाही. मला तर तिथी म्हणजे कॅलेंडरवरची बारीक अक्षरं एवढंच माहीत होतं. उधाणाच्या उलट, अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला 'भांग' म्हणतात हेही तिथेच कळलं. अर्थात हा फॉर्म्युला आपल्या कोकण किनाऱ्याचा. अंदमानात वेळा वेगळ्या, तिथे टाइड टेबलच बघायचं.

बोर्डाचं खातं मेकॅनिकलवाल्याकडे. त्याचं म्हणणं, बोर्ड म्हणजे आर्किमिडीजच. जितके लिटर आकारमान तितकं तरंगणं. नवशिक्याने आठ फुटी, सॉफ्ट टॉपचा, जाड बोर्ड घ्यावा. हळू असतो पण स्थिर असतो आणि डोक्यावर आपटला तर टाके कमी पडतात. फायबरचा बोर्ड नेलात तर दुरुस्तीचं सामान न्या. पण एक लक्षात ठेवा, आतला फोम थर्माकोलच्या जातीचा असेल तर पॉलिएस्टर रेझिन लावू नका, फोम विरघळतो. तिथे इपॉक्सीच पाहिजे. आणि असं रेझिन विमानात नेता येत नाही.

बेट रिकामं नाही

'निर्जन बेट', 'स्वर्ग' वगैरे शब्द आम्हीही आधी वापरत होतो. मग वाचायला लागलो. पुण्याच्या पंकज सेखसरिया यांनी अंदमानवर बरीच वर्षं लिहिलंय, तिथून सुरुवात झाली आणि आमचा सूर बदलला.

लिटल अंदमान हे मुळात ओंगे लोकांचं बेट. १९०१ च्या जनगणनेत ते ६७२ होते. २०११ मध्ये १०१. म्हणजे आपल्या एका वर्गात दोन डिव्हिजन मिळून जितकी मुलं, तितका एक संपूर्ण समाज! १९५६ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि बेटाचा मोठा भाग राखीव आहे. डुगॉन्ग क्रीक, साउथ बे, पश्चिम किनारा या बाजूंना आपण जायचं नाही, लाट कितीही चांगली असली तरी. फोटोही काढायचे नाहीत. वेस्ट बे आणि साउथ बेला डिसेंबर ते मार्चच्या सुमारास लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. इथे टॅग केलेली कासवं ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेच्या दिशेने हजारो किलोमीटर गेल्याची नोंद आहे. आपल्यापेक्षा पट्टीचे सर्फर!

ओंगेंशिवाय बेटावर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, हरमिंदर बेला निकोबारी लोक आहेत. ही सगळी माणसं २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतून गेलेली आहेत. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तासाभराच्या आत पाणी हट बेवर आलं. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामीचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर असतो. सहा दिवस आधी कळवून येणारी ही लाट नाही. ओंगे मात्र समुद्र मागे हटलेला पाहून जंगलात उंचावर गेले आणि वाचले. त्यांच्याकडे ना टाइड टेबल होतं ना एक्सेल. म्हणून आमच्या शीटमध्ये एक ओळ आहे : जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, किंवा समुद्र एकदम मागे गेला, तर बोर्ड, बॅग, मोबाइल सगळं टाकून उंचावर पळायचं. सायरनची वाट बघायची नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानच्या खाड्यांत असतात. २०१० मध्ये हॅवलॉकजवळ एका परदेशी पर्यटक मुलीचा त्यात जीव गेला होता. नियम सोपा : खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरायचं नाही, अंधारात अजिबात नाही, आणि गावातला माणूस नको म्हणाला तर वाद घालायचा नाही.

आईचा प्रश्न

एवढं सगळं झाल्यावर मी शीट प्रिंट करून घरी नेली. सतरा पानं, रंगीत! बाबांनी चाळली आणि "बरीच मेहनत आहे" म्हणाले. आईने चष्मा लावून सगळी वाचली. वीस मिनिटं. मग म्हणाली, "जायचं सगळं लिहिलंयस. परत कसं यायचं ते कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, "अगं, तीच बोट, तेच जहाज. उलटं."

"बोट रद्द झाली तर? एखादीचा पाय कापला तर? पोर पाण्यात गेली आणि बाहेर आली नाही तर तिच्या आईला फोन कोण करणार? नाव लिही त्या रकान्यात."

मला उत्तर देता आलं नाही. त्या बीचवर रूममेटचं डोकं लहान होत चाललेलं असताना माझ्या मनात नेमकं हेच आलं होतं, की हिच्या आईला मी काय सांगू? हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. पण तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं.

त्या रात्री आम्ही 'परत' नावाचा नवा कॉलम टाकला. प्रत्येक ओळीसमोर. बोट रद्द झाली तर तीन दिवस जादा आणि तेवढे पैसे वेगळ्या पाकिटात. हट बेला सरकारी आरोग्य केंद्र आहे. त्यापलीकडचं काही असेल तर पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं, म्हणून इन्शुरन्स आणि प्रथमोपचाराची पेटी. प्रवाळाने कापलं तर जखम लगेच स्वच्छ पाण्याने धुवायची, अँटिसेप्टिक लावायचं, उष्ण हवेत ती लवकर चिघळते. चेन्नईहून येणारी समुद्राखालची केबल २०२० मध्ये लिटल अंदमानपर्यंत पोचली आहे, त्यामुळे हट बेहून रोज संध्याकाळी सातला घरी फोन करायचा, ही ईअँडटीसीवाल्याची जबाबदारी. पाण्यात दोघं असताना दोघं किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावरच्या दोघांच्या हातात मोबाइल नाही, ट्यूब आणि दोरी. शेवटच्या रकान्यात, आई म्हणाली तसं, नाव लिहिलं. माझं.

आणि एक परीक्षा ठरवली. न थांबता ४०० मीटर पोहणं आणि वीस मिनिटं नुसतं तरंगणं. जो पास होणार नाही तो बेटावर येऊ शकतो, पाण्यात नाही. एटीकेटी नाही!

सध्या कुठवर आलंय?

दिवाळीत आम्ही आधी मंगळुरूजवळ मुल्कीला जाणार आहोत. देशातल्या सुरुवातीच्या सर्फ क्लबांपैकी एक तिथे आहे, कोकण रेल्वे थेट जाते, आणि शिकवणारे जवळ असतात. तिथे बोर्डवर उभं राहता आलं तर जानेवारीत लिटल अंदमान. नाही आलं तर नाही. मग पुढच्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यावर. लाटा काय, दर सोळा सेकंदांनी येतच राहणार आहेत.

रूममेटने कॉलेजच्या जवळचा पूल लावलाय. पहाटे सहाची बॅच, पाच ते दहा वयाची मुलं आणि ही. पहिल्या आठवड्यात ती मुलं तिला हसायची, आता 'ताई' म्हणतात. काल ती सव्वाअकरा मिनिटं तरंगली. ओल्या केसांनी रूमवर आली, शीट उघडली आणि स्वतःच्या नावापुढे ११.१५ असा आकडा टाकला. अजून पावणेनऊ मिनिटं बाकी आहेत.

तुम्ही अंदमानला जा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी कुठल्याही बीचवर गेलात तर पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं वाळूत नुसते बसा. लाटा कुठे फुटतायत बघा, कुठे फुटत नाहीत ते जास्त नीट बघा. जवळ कोणी काका-मावशी असतील तर त्यांना विचारा. आणि 'परत' हा कॉलम आधी भरा.

ऱ्हस्व-दीर्घाचा दंड एडिटरकडे जमा करावा. मी तो मुल्कीहून आल्यावर भरेन.